अंगावरचा जागल्या

मंडळी, जागल्या म्हणजे कोण, हे तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको. पूर्वी गावाला जागल्या असे. गाव झोपले की तो जागा राही. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. रात्रभर तो गावातून फिरे. चोर शिरला, गंजीला आग लागली, तर पहिली आरोळी त्याची. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जागल्या एकटा आग विझवीत नसे. तो आरोळी देई. उठायचे, धावायचे आणि पाणी ओतायचे ते गावाने.

आज अशाच एका जागल्याची गोष्ट सांगतो. हा जागल्या दहा रुपयांच्या नाण्याहून थोडा मोठा असतो. तो वेशीत उभा राहत नाही, माणसाच्या दंडावर बसतो. त्याला सेन्सर म्हणतात. सेन्सर म्हणजे जाणून घेणारे यंत्र. शरीराच्या आत काय चालले आहे, ते जाणून तो आपल्याला सांगतो.

मी नुसते ऐकून सांगत नाही. हा जागल्या आमच्या वहिनींच्या दंडावर बसला होता. वहिनींना विचारूनच हे लिहीत आहे. त्या म्हणाल्या, "लिवा भाऊजी. माझं झालं ते दुसऱ्या बाईचं होऊ नये."

१. पहाटेची हाक

२०२३ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. थंडी कडाक्याची होती. पहाटे चारच्या सुमाराला दारावर थाप पडली. पुतण्या आला होता.

"काका, लवकर चला. आई उठत न्हाई."

मी तसाच धावलो. पाहतो तर वहिनी अंथरुणावर घामाने चिंब. आम्ही घोंगड्या पांघरून कुडकुडत होतो, आणि त्यांच्या अंगावरचे लुगडे भिजलेले. हाक मारली की नुसत्या हुं हुं करायच्या. डोळे उघडत नव्हते.

घरात गर्दी जमली. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे, लिंबू उतरून टाका. कोणी कांदा फोडून नाकाला लावला. एका बाईने चहा आणला आणि वहिनींच्या तोंडात ओतायला निघाली. तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी चहाचा हात धरला.

"बाई शुद्धीवर न्हाईत. चहा श्वासनळीत जाईल. घरात साखर बघायचं यंत्र हाय का?"

यंत्र होते. पुतण्याने ते आणून दोन वर्षे झाली होती. आशाताईंनी बोट टोचून थेंब घेतला. आकडा आला ४१. त्या लगेच म्हणाल्या, "साखर पार खाली गेली. १०८ ला फोन लावा."

गाडी आली. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिले. दहा मिनिटांत वहिनींनी डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "म्हशीची धार काढली का?"

आम्ही सगळे हसलो. पण दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, हसले नाहीत. ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. आणखी तासभर उशीर झाला असता तर काय झाले असते, हे त्यांना कळले होते.

२. रक्तातली साखर किती?

वहिनींना मधुमेह आहे. त्या रोज इन्सुलिनचे इंजेक्शन घेतात. आता तुम्ही म्हणाल, मधुमेहात तर साखर वाढते. मग ती कमी कशी झाली? हे नीट समजून घेऊ.

आपण भाकरी खातो, भात खातो. पोटात त्याची साखर होते. ती रक्तात उतरते. ह्या साखरेला ग्लुकोज म्हणतात. रक्त ती अंगभर पोचवते. हात चालतात, पाय चालतात, डोके चालते, ते ह्या साखरेवर. साखर रक्तातून पेशींत शिरायला इन्सुलिन लागते. ते पोटातल्या स्वादुपिंड नावाच्या अवयवात तयार होते. मधुमेहात ते पुरेसे तयार होत नाही, नाहीतर नीट काम करीत नाही. मग साखर रक्तातच साठत राहते आणि लघवीवाटे बाहेर पडते. अशा लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या जुन्या वैद्यांनीही पाहिले होते. मधासारखी लघवी म्हणून नाव पडले मधुमेह.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट ह्या दोघांनी इन्सुलिन वेगळे काढले. १९२२ पासून ते रोग्यांना देऊ लागले. त्यापूर्वी ज्या मुलांना हा रोग होई, ती फार दिवस जगत नसत. इन्सुलिनने लाखोंचे प्राण वाचवले.

पण औषध म्हणजे दुधारी विळा. इन्सुलिन जास्त झाले, किंवा इन्सुलिन घेऊन माणूस जेवलाच नाही, तर साखर फार खाली जाते.

आता साखरेचे माप पाहा. निरोगी माणसाचा सकाळचा उपाशीपोटी आकडा साधारण ७० ते १०० असतो. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ७० ते १०० मिलिग्रॅम साखर. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. करा हिशेब. आकडा १०० असेल, तर अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती? फक्त ५ ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा! एवढ्याशा चमच्यावर आपला जीव तोललेला आहे. उपाशीपोटी आकडा १२६ किंवा त्याहून वर आणि तोही दोनदा आला, तर डॉक्टर मधुमेह म्हणतात. आकडा ७० च्या खाली आला तर तो धोक्याचा. ५४ च्या खाली गेला तर फारच धोक्याचा. वहिनींचा ४१ होता.

साखर वाढण्याचा त्रास हळूहळू होतो. डोळे जातात, मूत्रपिंडे निकामी होतात, पायाची जखम बरी होत नाही. साखर उतरण्याचा त्रास मात्र घटकाभरात होतो. म्हणून दोन्हीकडे लक्ष हवे.

३. एक थेंब, एक आकडा

रुग्णालयातून आल्यावर पुतण्या वहिनींना तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी साखरेची वही मागितली. पुतण्या दर आठवड्याला सकाळी आईचे बोट टोचून आकडा लिहून ठेवीत असे. ११८, १२४, ११०, १२१. सगळे आकडे चांगले.

डॉक्टर विचारात पडले. म्हणाले, "वही चांगली आहे. मग त्या रात्री साखर ४१ कशी झाली?"

मंडळी, विहिरीचे पाणी आपण सकाळी पाहिले. काठोकाठ आहे. पण रात्री कोणी मोटार लावून उपसा केला आणि पहाटेपर्यंत झऱ्याने विहीर पुन्हा भरली, तर आपल्याला काय कळणार? बोट टोचून घेतलेला आकडा असाच. तो त्या क्षणापुरता खरा. रात्री दोन वाजता काय होते, ते तो सांगत नाही. आपल्या यकृतात साखरेचा साठा असतो. रक्तातली साखर उतरली की यकृत तो साठा मोकळा करते. पहाटेपर्यंत आकडा पुन्हा सावरतो. सकाळच्या वहीत रात्रीची चोरी दिसत नाही.

डॉक्टर म्हणाले, "रात्री जागणारा कोणीतरी ठेवायला हवा."

४. जागल्या कसा बसतो, कसा काम करतो?

डॉक्टरांनी वहिनींच्या दंडाची मागची बाजू पुसून घेतली. एक डबीसारखी वस्तू टेकवून दाबली. टक् असा आवाज झाला. वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. म्हणाल्या, "कधी टोचणार?" डॉक्टर म्हणाले, "टोचून झालं की!"

टोचणारी सुई लगेच बाहेर येते. आत राहते ती एक बारीक तार. ती कातडीखाली सुमारे अर्धा सेंटिमीटर जाते. वर गोल चकती चिकटून राहते. आंघोळ करता येते, शेतात काम करता येते.

आता ह्या तारेची गंमत ऐका. कांद्याच्या चाळीत कांद्यावर काळी बुरशी येते, ती तुम्ही पाहिली आहे. त्या जातीच्या बुरशीपासून कारखान्यात एक पदार्थ काढतात. त्याला ग्लुकोज ऑक्सिडेज म्हणतात. विरजण जसे दुधावर काम करते, तसा हा पदार्थ ग्लुकोजवर काम करतो. एका कुलपाला एकच किल्ली, तसे हे आहे. मीठ आले, चरबी आली, तो ओळख देत नाही. ग्लुकोज आले की पकडतो. तारेच्या टोकाला ह्याचा लेप दिलेला असतो. लेपाने ग्लुकोज पकडले की तारेत किंचित वीज वाहते. साखर जास्त तर वीज जास्त. साखर कमी तर वीज कमी. ही वीज इतकी थोडी असते की बॅटरीच्या दिव्याला लागणाऱ्या विजेचा लाखावा भागसुद्धा तिच्याहून मोठा. पण चकतीतले यंत्र ती मोजते आणि तिचा आकडा करते.

ही युक्ती पहिल्यांदा मांडली ती अमेरिकेतील लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स ह्या दोघांनी, १९६२ साली. क्लार्क ह्यांनी आधी रक्तातला प्राणवायू मोजणारी तार तयार केली होती. तिच्यावर हा लेप देऊन साखर मोजता येईल, असे त्यांनी दाखवले. पुढे कितीतरी लोकांनी ती लहान केली, टिकाऊ केली. १९९९ साली अमेरिकेत अंगावर लावण्याच्या अशा पहिल्या यंत्राला मान्यता मिळाली. ते तीन दिवस चाले. आता १० ते १५ दिवस टिकणारे सेन्सर मिळतात. दर पाच मिनिटांनी आकडा घेणारा सेन्सर दिवसाला २८८ आकडे घेतो. एवढ्या वेळा बोट टोचायचे म्हटले तर बोटाची चाळण होईल!

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ही तार रक्तवाहिनीत नसते. पेशींच्या मधल्या जागेत थोडे पाणी असते, त्यात ती असते. पाटाला पाणी सोडले की ते लगेच शेवटच्या वाफ्यात पोचते का? थोडा वेळ लागतो. तसेच साखर आधी रक्तात येते, मग ह्या पाण्यात उतरते. म्हणून सेन्सरचा आकडा रक्तापेक्षा ५ ते १५ मिनिटे मागे असतो. साखर भराभर चढत असेल किंवा उतरत असेल, तेव्हा हा फरक मोठा दिसतो.

५. चौदा दिवसांची रेघ

वहिनींना पहिल्यांदा लावला तो जागल्या मुका होता. तो सगळे लिहून ठेवी, पण ओरडत नसे. चौदा दिवसांनी डॉक्टरांनी त्यातले टिपण संगणकावर काढले. कागदावर चौदा रेघा उमटल्या. एकेका दिवसाची एकेक रेघ.

दिवसा रेघ थोडी वर, थोडी खाली. त्यात विशेष नव्हते. पण रात्री एक ते तीनच्या मध्ये काही रेघा विहिरीत दगड पडावा तशा खाली गेल्या होत्या. चौदापैकी पाच रात्री आकडा ६० च्या खाली. एका रात्री ४८.

डॉक्टरांनी विचारले, "आजी, ह्या पाच रात्री तुम्ही काय जेवलात?"

वहिनी गप्प. पदराशी चाळा करीत बसल्या.

"इंजेक्शन किती वाजता घेता?"

"साडेसातला. तुमीच सांगितलंय तसं."

"आणि जेवण?"

पुन्हा गप्प. मग हळूच म्हणाल्या, "समद्यांचं झाल्यावर. धा वाजत्यात. कधी साडेधा."

"काय जेवता?"

"जे उरल ते."

मंडळी, मग सगळे बाहेर आले. इंजेक्शन साडेसातला. ते घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत पोटात अन्न जायला हवे. पण वहिनी सगळ्यांना वाढून मग बसायच्या. पाहुणा आला की भाकऱ्या कमी पडायच्या. मग त्या अर्धी भाकरी आणि आमटीचे पाणी पिऊन निजायच्या. कोणाला सांगायच्या नाहीत. इकडे इंजेक्शन आपले काम करीत राही. पोटात अन्न नाही आणि साखर उतरत चालली. असे पुन्हा पुन्हा झाले की शरीराच्या खुणाही बोथट होतात. घाम येणे, थरथर होणे ह्या खुणांनी माणूस एरवी जागा होतो. वहिनींना त्याही कळेनाशा झाल्या होत्या.

मला रोजनिशी लिहिण्याची सवय आहे. घरी येऊन मी त्या पाच तारखा काढून पाहिल्या. एका रात्री पुतण्याचे सासरे आले होते. एका रात्री मळणीची माणसे होती. एका रात्रीचे काही लिहिलेले नव्हते. आणि उरलेल्या दोन रात्री? त्या दोन रात्री दादांकडे जेवायला मीच होतो. मी लिहिले होते, "आज वहिनींच्या हातची भाकरी आणि भरले वांगे. आग्रह करून तिसरी भाकरी वाढली. फार तृप्ती झाली."

ती तिसरी भाकरी कोणाची होती, हे मला त्या दिवशी कळले. मी चाळीस वर्षे शाळेत मुलांना आरोग्य शिकवले. माझ्या पुढ्यात उपाशी राहणारी बाई मला दिसली नाही. ती त्या नाण्याएवढ्या यंत्राला दिसली.

६. आधी ताट, मग सुई

डॉक्टरांनी इन्सुलिनचे माप कमी करून दिले. आणि एक नियम घालून दिला. "आधी ताट, मग सुई." म्हणजे जेवणाचे ताट वाढून समोर आल्याशिवाय इंजेक्शन घ्यायचे नाही, आणि घेतले की वेळेवर जेवायचे.

औषधाचे माप बदलणे सोपे होते. घरची रीत बदलणे अवघड. पहिल्या रात्री सुनेने वहिनींचे ताट आधी वाढले. वहिनी बसेनात. "बाप्ये उपाशी, आन मी आधी जेवू व्हय?" सून रडकुंडीला आली. तेव्हा दादा उठले. त्यांनी ते ताट उचलून वहिनींच्या पुढे ठेवले आणि शेजारी बसले. बोलले काहीच नाहीत. वहिनी जेवल्या. त्या दिवसापासून त्या घरात साडेसातला पहिले ताट वहिनींचे असते.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी दुसरा सेन्सर लावला. हा बोलका होता. साखर ७० च्या खाली गेली की पुतण्याच्या जुन्या मोबाइलवर तो घंटा वाजवी. आकडा दाखवी आणि शेजारी बाण. बाण वर म्हणजे साखर चढते आहे. बाण खाली म्हणजे उतरते आहे. आडवा बाण म्हणजे स्थिर आहे.

पण मोबाइलवर आकडे इंग्रजी असतात. वहिनी तेव्हा आपल्या वर्गात येऊ लागल्या होत्या. मराठी आकडे त्यांना येत होते. आठ दिवसांत त्या इंग्रजी दहा आकडेही शिकल्या. त्यांना मराठी चार आणि इंग्रजी आठ सारखेच वाटायचे. ४८ हा आकडा तर त्यांनी पाटीवर वीस वेळा गिरवला असेल.

फेब्रुवारीतली एक रात्र. घंटा वाजली. घरात कोणी जागे झाले नाही. वहिनी उठल्या. मोबाइल पाहिला. ६८, आणि बाण खाली. त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घेतली आणि त्या बसून राहिल्या. पंधरा मिनिटांनी बोट टोचून पाहिले. ९२. मग एक पोळी खाल्ली आणि झोपल्या. सकाळी त्यांनी हे सांगितले तेव्हा आम्ही सगळे पाहतच राहिलो.

"आम्हाला उठवायचं न्हाई का?" पुतण्या म्हणाला.

वहिनी म्हणाल्या, "कशाला? मला वाचता येतं की आता."

७. ह्याच जातीची आणखी यंत्रे

साखर सांगणारा सेन्सर हा एकच जागल्या नाही. त्याची भावंडे पुष्कळ आहेत. एक तर तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. २०२० साली करोनाच्या साथीत 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम झाली. तेव्हा घरोघर माणसे आली आणि त्यांनी बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावले. ते ऑक्सिमीटर. त्यात दोन प्रकाश असतात. एक तांबडा, एक डोळ्यांना न दिसणारा. प्राणवायूने भरलेले रक्त लालभडक असते, प्राणवायू कमी झालेले रक्त काळपट. बोटातून प्रकाश किती पार जातो, ह्यावरून यंत्र प्राणवायूचा आकडा काढते. १९७४ साली जपानमधील ताकुओ आओयागी ह्यांनी ही रीत शोधली. आकडा ९४ च्या खाली गेला की दवाखान्याची वाट धरायची, हे त्या साथीत पुष्कळांनी शिकून घेतले. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल, तर हे यंत्र चुकते.

काही यंत्रे अंगाच्या आतच बसवतात. हृदयाचे ठोके मंदावले तर पेसमेकर नावाचे यंत्र छातीच्या कातडीखाली ठेवतात. पहिले असे यंत्र १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन ह्या गृहस्थांना बसवले. ते काही तासांतच बंद पडले! पण डॉक्टरांनी आणि त्यांनी धीर सोडला नाही. पुढे त्यांना वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली. ते २००१ सालापर्यंत जगले, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत. आजचा पेसमेकर हृदयाचा ठोका ऐकत असतो. ठोका चुकला तरच विजेचा हलका धक्का देतो. साखर मोजणारी एक बारीक कांडीही आता दंडाच्या कातडीखाली ठेवता येते. एका कांडीवर वर्षभर काम भागते. अमेरिकेत २०२४ साली तिला मान्यता मिळाली.

८. जागल्या चुकतो तेव्हा

यंत्र म्हणजे देव नव्हे. वहिनी एकदा सेन्सरच्या दंडावरच कुशी करून झोपल्या. दंड दाबला गेला आणि घंटा वाजली. आकडा ५८. पण त्यांना काहीच होत नव्हते. बोट टोचले तर ११५. म्हणून नियम असा की, यंत्र एक सांगते आणि अंग दुसरे सांगते, तेव्हा बोट टोचून खात्री करावी. मात्र घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी अशा खुणा असतील आणि टोचायचे यंत्र जवळ नसेल, तर वाट पाहू नये. आधी साखर घ्यावी. काही औषधांनीही सेन्सरचा आकडा चुकतो. आपण घेतो त्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. बाजारात अशी घड्याळे आणि अंगठ्या विकतात की, म्हणे टोचल्याशिवाय साखर कळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने लोकांना बजावले की अशा घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका. तोपर्यंत त्या खात्याने अशा एकाही वस्तूला मान्यता दिलेली नव्हती. खोट्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेतले तर जिवावर बेतेल.

तिसरी गोष्ट पैशाची. एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात आणि दोन आठवड्यांत तो संपतो. वहिनींनाही तो कायम लावता आला नाही. प्रत्येक मधुमेहवाल्याला तो लागतोच असेही नाही. ज्यांची साखर रात्री उतरते, जे इन्सुलिन घेतात, ज्यांचा आकडा एकसारखा वरखाली होतो, त्यांना त्याचा मोठा उपयोग. बाकीच्यांना बोटाचा थेंब आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी बहुधा पुरते. कोणाला काय हवे, ते डॉक्टर सांगतील.

आणि ज्यांनी अजून एकदाही तपासले नाही, त्यांनी आधी तेवढे करावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभराच्या पाहणीत भारतात मधुमेह असलेली माणसे दहा कोटींहून अधिक आढळली. तीस वर्षांवरच्या माणसांची साखर उपकेंद्रात तपासतात. तिथे जायला लाज कसली?

९. शेवटचे सांगणे

तेव्हा मंडळी, जागल्याची आरोळी ऐकायला कान हवेत. आकडा वाचायला अक्षरओळख हवी. आणि आकडा वाचल्यावर घराने उठायला हवे. वहिनींच्या रोगाचे अर्धे औषध सुईत होते, अर्धे ताटात होते. सुईतले डॉक्टरांनी दिले. ताटातले आम्हांलाच द्यायचे होते.

आज रात्री जेवताना तुमच्या घरात शेवटी कोण बसते, ते पाहा. टोपल्यात त्यांच्यासाठी भाकरी उरली आहे का, तेही पाहा. एवढे पाहायला यंत्र लागत नाही.

ध्यानात ठेवा

इन्सुलिन घेतल्यावर जेवण चुकवू नये. आधी ताट, मग सुई.

साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. मग जेवायला द्यावे.

माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवावे आणि १०८ ला फोन करावा.

औषधाचे माप आपल्या मनाने कमीजास्त करू नये.

सांगा पाहू

१. वहिनींचे सकाळचे आकडे चांगले होते, तरी रात्री साखर का उतरत होती?

२. सेन्सरचा आकडा रक्तापेक्षा थोडा मागे का असतो? पाटाच्या पाण्याचे उदाहरण देऊन सांगा.

३. बेशुद्ध माणसाच्या तोंडात चहा ओतला तर काय होईल?

४. मोबाइलवर ६८ आकडा आणि खाली वळलेला बाण दिसला. तुम्ही काय कराल?

५. इंग्रजी दहा आकडे पाटीवर लिहा. मग घरातल्या एका माणसाला ते शिकवा.